भरावावरची घरं

गजबजलेल्या शहराच्या मधोमध एखादा मोठा प्लॉट वर्षानुवर्षं मोकळा पडलेला दिसला, की पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की आजवर हा कोणी घेतला कसा नाही? जिथे हातभर जागेसाठी ओढाताण चालते तिथे एवढी जमीन उगाच मोकळी राहत नाही. कधी कोर्टात वाद असतो, कधी वारसांचं आपसात पटत नसतं. आणि बऱ्याचदा जमिनीच्या पोटात काहीतरी असतं. तिथे पूर्वी कोळशापासून गॅस बनवण्याचा कारखाना होता, शिसं वितळवण्याची भट्टी होती, पेट्रोल पंप होता, कातडी कमावली जात होती, नाहीतर शहरभरचा कचरा येऊन पडत होता. धंदा बंद पडला, यंत्रं आणि पत्रे भंगारात गेले, कंपाऊंडची भिंत तेवढी उरली. मातीत जे मुरलं होतं ते मात्र तिथेच राहिलं.

अशा जमिनीवर परवडणारी घरं बांधावीत का, या प्रश्नावर लोक चटकन बाजू घेतात. एक बाजू म्हणते, विषारी जमिनीवर गरिबांना नेऊन बसवणं हा गुन्हा आहे. दुसरी म्हणते, डोक्यावर छप्पर नसलेली इतकी माणसं असताना मातीचं काय घेऊन बसलात. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. जमीन तशीच सोडली म्हणून त्यातलं विष जात नाही. धूळ उडत राहते, पावसाबरोबर ते खाली झिरपत राहतं, आणि त्या कंपाऊंडला लागून जे राहतात ते बहुतेक वेळा गरीबच असतात. घरं शहराबाहेर नेली तर राहणाऱ्याचा पैसा आणि दिवस दोन्ही प्रवासात जातात. म्हणून अशा जमिनींवर घरं व्हावीत, असंच मी म्हणेन. पण त्याआधी काय करावं लागतं आणि ते कुठे फसतं, हे राहायला जाणाऱ्या माणसाला कळलंच पाहिजे. आजवर अशी घरं जिथे जिथे फसली, तिथे जमिनीत काय आहे याची कल्पना कोणाला ना कोणाला होती. राहायला आलेल्यांना ती नव्हती.

विष, वाट आणि माणूस

जमीन दूषित आहे एवढ्यावरून ती धोक्याची ठरत नाही. धोका घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मातीत घातक पदार्थ हवा, तो ज्याला अपाय करील असं कोणीतरी हवं, आणि या दोघांना जोडणारी वाट हवी. दहा मीटर खोल, चिकणमातीच्या थराखाली पडलेलं शिसं वर राहणाऱ्याचं सहसा काही बिघडवत नाही, कारण वाट नाही. तेच शिसं अंगणाच्या वरच्या वीतभर मातीत असेल तर वाट अगदी जवळची आहे: मुलाची बोटं आणि तोंड.

ब्रिटनमध्ये १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्याला दूषित जमिनीविषयीचा भाग नंतर जोडला गेला आणि इंग्लंडमध्ये तो २००० साली अमलात आला. तो याच तीन कड्यांवर उभा आहे. तिन्ही कड्या जुळल्याचं दिसलं तरच जमीन कायद्याने दूषित ठरते. साफसफाईच्या सगळ्या पद्धतीही शेवटी यातली एखादी कडी तोडतात. माती उचलून नेली की पदार्थ जातो. वर स्वच्छ मातीचा जाड थर टाकला की वाट बंद होते.

तिसरी कडी म्हणजे माणूस. तो इथे काढता येत नाही, कारण सगळा खटाटोप त्याच्या घरासाठीच आहे. आणि घरातला माणूस या हिशेबात सर्वांत नाजूक ठरतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था धोक्याचं गणित मांडताना कामाच्या ठिकाणचा माणूस वर्षाला २५० दिवस तिथे असतो असं धरते, घरात राहणारा ३५० दिवस आणि तेही सलग २६ वर्षं. त्यामुळे जी जमीन गोदामाला किंवा वाहनतळाला चालते ती घरांना चालेलच असं नाही. जमीन साफ झाल्याचा दाखला कोणी पुढे केला, की तो कोणत्या वापरासाठी दिलाय हे आधी वाचावं.

याच गणितात लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती आणि धूळ पोटात घेतं असं धरलेलं असतं. रांगणाऱ्या मुलाला बघितलंय त्याला यात नवल वाटणार नाही. आता मातीत किलोमागे ४०० मिलिग्रॅम शिसं असेल, तर २०० मिलिग्रॅम मातीतून ८० मायक्रोग्रॅम शिसं रोज पोटात जातं. मूल खाल्लेल्या शिशाचा जो हिस्सा अंगात शोषून घेतं तो मोठ्यांच्या मानाने बराच जास्त असतो, आणि हे शिसं वाढत्या मेंदूवर घाव घालतं. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते. अमेरिकेत निवासी मातीची तपासणी-मर्यादा १९९४ पासून हीच, किलोमागे ४०० मिलिग्रॅम होती. जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली गेली. म्हणजे आदल्या महिन्यात जी माती चालत होती ती दुसऱ्या महिन्यात संशयित ठरली. माती तीच होती, माणसाचं ज्ञान पुढे सरकलं होतं. मर्यादेच्या आत असल्याचा दाखला म्हणजे त्या त्या वर्षाच्या ज्ञानापुरता दाखला, हे मनात ठेवलेलं बरं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो नावाचं शहर आहे. तिथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट कॅल्युमेट ही सरकारी भाड्याच्या घरांची वसाहत उभी राहिली. जागा होती जुन्या शिशाच्या कारखान्याची, आणि जवळच शिसं गाळण्याचा आणखी एक कारखाना चालू होता. हा सगळा परिसर २००९ साली देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत गेला. तरीही तिथल्या कुटुंबांना घरं सोडायला सांगणारं पत्र आलं २०१६च्या उन्हाळ्यात. हजाराहून जास्त माणसं, त्यातली निम्म्याहून अधिक मुलं. जी मुलं त्या अंगणात खेळून मोठी झाली, त्यांच्या आईबापांनी ते पत्र वाचताना काय विचार केला असेल, हे मला नीटसं कल्पनेतही आणता येत नाही.

खालून वर येणारं

शिसं मातीला चिकटून बसतं. ते हलत नाही, म्हणून त्याला झाकणं तसं सोपं. घरांसाठी खरी कठीण मंडळी आहेत ती हवेत उडणारी. पेट्रोलमधलं बेंझिन, कपडे धुण्याच्या ड्राय क्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं पर्क्लोरोएथिलीन, धातूच्या सुट्या भागांवरचं तेल काढायला वापरलेलं ट्रायक्लोरोएथिलीन. ही द्रव्यं जमिनीखाली वाफ होऊन मातीच्या कणांमधून वर सरकतात आणि वाटेत घर लागलं तर घरात शिरतात.

शिरायला फार मोठं भोक लागत नाही. जोत्याच्या स्लॅबमधली बारीक चीर, पाइप जिथून आत येतो तिथली फट, लिफ्टचा खड्डा, एवढं पुरतं. त्यात घर स्वतःच ती वाफ ओढतं. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असली की ती वर चढून वरच्या फटींतून बाहेर जाते, खाली तळमजल्यावर हलकासा शोष तयार होतो आणि तो जमिनीतली हवा खेचून घेतो. चुलीच्या धुराड्याचंच हे तत्त्व. अंगणातली माती स्वच्छ असली, नळाचं पाणी चांगलं असलं, तरी श्वासातून हे आत जात राहतं. शिवाय नाकाला वास येईल इतकं प्रमाण नसलं तरी वर्षानुवर्षं श्वासात गेल्यावर ते अपायकारक ठरू शकतं, त्यामुळे 'वास तर काही येत नाही' या समाधानाला अर्थ नाही.

इथे पेट्रोल आणि ही क्लोरीनवाली द्रव्यं यांच्यात मोठा फरक आहे. पेट्रोल पाण्याहून हलकं. ते भूजलाच्या वर तरंगतं, त्यामुळे निदान सापडतं तरी. त्याची वाफ वर येताना मातीत पुरेसा ऑक्सिजन असेल तर तिथले जिवाणू ती वाटेतच खाऊन टाकतात. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. ते भूजलातून थेट खाली बुडतं, चिकणमातीच्या थरावर साचतं, खडकाच्या भेगांत शिरतं, आणि तिथून दशकानुदशकं थोडंथोडं सुटत राहतं. ऑक्सिजन असलेल्या मातीत ते सहजी कुजत नाही. ऑक्सिजन नसलेल्या जागी कुजतं, पण अर्धवट कुजलं तर त्यातून व्हाइनिल क्लोराइड तयार होतं आणि ते कर्करोगाला कारण होणारं आहे. जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेपेक्षा कोपऱ्यावरच्या जुन्या ड्राय क्लीनिंगच्या दुकानाची जागा जास्त त्रास देऊ शकते, ती यामुळे.

कचऱ्याच्या भरावातून आणि जुन्या कोळशाच्या खाणींतून येणारे वायू हा आणखी वेगळा प्रकार, आणि तो जीव तात्काळ घेऊ शकतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यातल्या लोस्को गावी २४ मार्च १९८६ रोजी एक बंगला स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि आतले तिघे जखमी झाले. जवळच्या कचरा डेपोतला मिथेन जमिनीखालून घरात शिरला होता. डेपो भरल्यावर त्यावर मातीचा थर टाकून तो झाकला होता. वरची वाट बंद झाली, म्हणून वायू खडकाच्या थरांतून आडवा सरकला. स्फोटाच्या आधी हवेचा दाब झपाट्याने उतरला होता, आणि बाहेरचा दाब उतरला की जमिनीतला वायू जोराने बाहेर पडतो. या एका घटनेत अशा जमिनीच्या तपासणीचे दोन मोठे धडे आहेत. झाकलं म्हणजे संपलं असं नाही. आणि एखाद्या छानशा दिवशी एकदाच वायू मोजून जमीन सुरक्षित म्हणता येत नाही. वेगवेगळ्या ऋतूंत, त्यातही दाब उतरत असताना मोजावं लागतं.

स्कॉटलंडमध्ये गोरब्रिज इथे तर नगर परिषदेने बांधलेली भाड्याची ६४ घरं पाडावी लागली. घरं बांधून जेमतेम काही वर्षं झाली होती. २०१३-१४ मध्ये रहिवाशांची तब्येत बिघडू लागली आणि खालच्या जुन्या कोळसा खाणींतून कार्बन डायऑक्साइड घरात येत असल्याचं उघड झालं. घरांखाली वायू अडवणारा पडदा बसवलेला नव्हता. परवडणारी घरं, चांगला हेतू, नवं बांधकाम, आणि एका थराची कसर.

जमिनीची चौकशी

तपासाची सुरुवात कुदळीने होत नाही, जुन्या कागदांनी होते. पहिल्या टप्प्यात कोणी माती खणत नाही. जुने नकाशे, विमा कंपन्यांनी आगीच्या धोक्यासाठी काढलेले इमारतींचे नकाशे, व्यापाऱ्यांच्या जुन्या याद्या, विमानातून घेतलेले फोटो, परवाने, जमिनीखालच्या टाक्यांच्या नोंदी असं सगळं गोळा केलं जातं. मग जागेवर चक्कर. कुठे गवत उगवत नाही, कुठे मातीचा रंग निळसर आहे, कुठे जमिनीतून एखादा लोखंडी पाइप विनाकारण डोकावतो आहे. गॅसच्या जुन्या कारखान्यांत गॅस शुद्ध करताना उरणारा गाळ निळा असतो, कारण त्यात सायनाइडची संयुगं असतात. जाणकार माणूस तो रंग लांबून ओळखतो. आणि या टप्प्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं. पिंपं कोणत्या कोपऱ्यात पुरली होती हे कोणत्याही नकाशावर नसतं. तिथे काम केलेल्या माणसाला ते आठवत असतं.

दुसऱ्या टप्प्यात बोअर घेतले जातात, माती, भूजल आणि मातीतली हवा यांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. इथे फसगतीला जागा फार. दूषितपणा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका ठिकाणी माती स्वच्छ आणि चार पावलांवर गळकी टाकी. चार ठिकाणची माती एकत्र करून एकच नमुना तपासला तर खर्च वाचतो, पण विषारी कोपऱ्याचा आकडा बाकीच्या स्वच्छ मातीत विरून जातो. सरासरी चांगली येते. मूल मात्र सरासरीवर खेळत नाही, एका ठरावीक कोपऱ्यात खेळतं. अहवाल हातात आला तर किती ठिकाणी बोअर घेतले, किती खोल, आणि घरं नेमकी जिथे येणार तिथे घेतले का, एवढं तरी बघावं.

आणखी एक गोष्ट बहुतेक अहवालांत कुठेतरी मधल्या पानावर दडलेली असते: भराव. शहरांतली खळगे, तळी, नाले बुजवून केलेली जमीन म्हणजे राख, राडारोडा, कारखान्याचा मळ आणि कोणाकोणाचा कचरा. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क गावी १९७०च्या दशकात नवी वसाहत झाली, तीही भराव घातलेल्या जमिनीवर. भरावात रसायनांची पिंपं होती. त्यातली द्रावकं प्लॅस्टिकच्या पाणीपुरवठ्याच्या नळांच्या भिंतीतून आत झिरपली. हो, नळ फुटलेला नसतानाही हे होतं. पेट्रोलसारखी द्रव्यं साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीतून पार जातात. १९८० मध्ये सुमारे २७० कुटुंबांना घरं सोडावी लागली, आणि त्या धक्क्यातून त्या देशाने १९८३ मध्ये माती साफ करण्याचा कायदा केला. अशा जमिनीवर आज पाण्याचे नळ टाकताना मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेले वापरतात, त्यामागचं कारण हेच.

उचलणं, धुणं, झाकणं

सर्वांत सरळ उपाय म्हणजे दूषित माती खणून दुसरीकडे न्यायची. तो वेगवान आणि खात्रीचा असतो, म्हणून बिल्डरना आवडतो. पण ती माती कुठेतरी जाते, शेकडो ट्रकांनी जाते, आणि जिथे जाते तिथेही कोणीतरी राहत असतं.

माती धुणं हा मला त्याहून देखणा उपाय वाटतो. विष बहुतेक करून मातीच्या अगदी बारीक कणांना, गाळाला आणि चिकणमातीला चिकटलेलं असतं, कारण तेवढ्याच वजनात बारीक कणांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त भरतो. म्हणून माती पाण्यात घुसळून वाळू आणि खडी वेगळी काढली की ती जवळपास स्वच्छ निघते आणि परत वापरता येते. उरलेल्या थोड्या गाळात सगळं विष एकवटतं, तेवढ्याचीच विल्हेवाट लावायची. लंडनमध्ये २०१२च्या ऑलिंपिकसाठी जी कारखान्यांची आणि कचऱ्याची जमीन तयार केली तिथे अशी यंत्रं बसवली होती आणि त्या जागेला 'मातीचा दवाखाना' असं नाव पडलं होतं. खणलेल्या मातीतली ८० टक्क्यांहून जास्त माती साफ करून तिथेच वापरली गेली. खेळाडूंसाठी त्या परिसरात बांधलेल्या इमारतींतून पुढे २,८१८ घरं झाली, त्यातली जवळपास निम्मी परवडणाऱ्या गटातली. मातीत फार चिकणमाती असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही, कारण मग जवळजवळ सगळंच गाळ.

बाकीच्या पद्धती पदार्थाप्रमाणे. वाफ होणारी द्रव्यं मातीत नळ्या घालून पंपाने शोषून घेता येतात. तेलकट दूषितपणा हवा आणि खत घालून जिवाणूंकडून खाववता येतो. धातू जिवाणूंना खाता येत नाहीत, त्यांना सिमेंटसारख्या द्रव्यात बांधून जागच्या जागी थिजवतात. झाडं लावून माती शुद्ध करण्याबद्दल लोक फार आशेने बोलतात. ते होतं, पण वर्षानुवर्षं लागतात आणि मुळं पोचतात तेवढ्याच खोलीपर्यंत. घरांसाठी थांबलेल्या माणसांना तेवढा वेळ नसतो.

प्रत्यक्षात बहुतेक वसाहतींत सगळं विष काढलं जात नाही. सर्वांत वाईट कोपरे तेवढे काढतात आणि उरलेलं झाकतात. इमारती आणि रस्ते हेच झाकण. बागेच्या जागी खाली जाळीदार कापड आणि वर स्वच्छ मातीचा थर. ते कापड माती अडवायला असतंच, पण पुढे कोणी खणलं तर 'इथून खाली जाऊ नका' अशी खूण म्हणूनही असतं. वाफेचा प्रश्न असेल तर स्लॅबखाली खडीचा थर, त्यात भोकं पाडलेले पाइप, वर सांधे जोडलेला जाड पडदा, आणि पाइपांतून हवा ओढून छपरावर सोडणारा पंखा. बांधतानाच हे केलं तर एकूण खर्चात ते फार नसतं. घर उभं राहिल्यावर करायचं म्हणजे फरशा उकरणं. या कामात हयगय कुठे होते हे सांगण्यासारखं आहे. पडदा घालणारे आपलं काम नीट करतात, मग प्लंबर येतो आणि पाइपासाठी त्याला भोक पाडतो. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी पडदा पुन्हा तपासून त्याचे फोटो ठेवणं, आणि तपासणारा बिल्डरचा माणूस नसणं, या दोन गोष्टींवर मी अडून राहीन.

इमारतीचा आराखडाही मदत करतो. तळमजल्यावर हवेशीर मोकळं पार्किंग ठेवून घरं वरून सुरू केली तर वाफेची वाट बरीचशी तुटते. भाजी लावायची हौस असेल तर उंच वाफ्यांत बाहेरून आणलेली माती. उलट, खोल पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर खांब उतरवणं, निष्काळजीपणे केलं तर चिकणमातीच्या संरक्षक थराला भोक पडून वरचं विष खालच्या भूजलात उतरतं. इंजिनिअरने पायाचा आणि साफसफाईचा विचार एकाच टेबलावर बसून करायला हवा.

खर्च कोणाच्या माथी

एक एकर माती साफ करायला जो खर्च येतो तो वर उभ्या राहणाऱ्या फ्लॅटच्या किमतीवर ठरत नाही. श्रीमंत वस्तीत आणि गरीब वस्तीत तो साधारण तेवढाच. श्रीमंत वस्तीत फ्लॅट विकून तो सहज निघतो, म्हणून तिथल्या जमिनी आधी साफ होतात. गरीब वस्तीत साफसफाईचा खर्च जमिनीच्या किमतीहून मोठा होतो आणि जमीन कोणी फुकटही घेत नाही. ज्या लोकांच्या दारात हे विष सर्वांत जास्त आहे त्यांच्याच वाट्याला साफसफाई सर्वांत शेवटी येते. बाजार हे आपोआप सोडवणार नाही. इथे सरकारी पैसा लागतोच.

ज्याने घाण केली त्याने पैसे द्यावेत हे तत्त्व न्यायाचं आहे. अमेरिकेने १९८०च्या सुपरफंड कायद्यात ते कडकपणे लागू केलं. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. जमीन विकत घेणाऱ्या नव्या मालकावरही जबाबदारी येऊ शकत असल्याने बँका आणि बिल्डर जुन्या कारखान्यांच्या जमिनींना हात लावेनात. म्हणून २००२ मध्ये दुसरा कायदा करून, खरेदीआधी रीतसर चौकशी केलेल्या निर्दोष खरेदीदाराला संरक्षण दिलं आणि साफसफाईसाठी अनुदानाची सोय केली. घरं बांधणाऱ्या छोट्या संस्थांना हे फार गरजेचं असतं, कारण त्यांचा पैसा अनेक ठिकाणांहून जुळवलेला असतो आणि प्रत्येकाची मुदत असते. खणताना मध्येच एखादी अनपेक्षित टाकी सापडली की काम सहा महिने थांबतं आणि अख्खी जुळणी कोसळते. चौकशीवर आधी केलेला खर्च म्हणूनच उधळपट्टी नसते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जुन्या रेल्वे यार्डाच्या दूषित जमिनीवर 'व्हिया वेर्दे' ही २२२ परवडणाऱ्या घरांची वसाहत २०१२ मध्ये पुरी झाली, ती सरकारी जमीन, सरकारी मदत आणि आधीची चौकशी या तिन्हींच्या जोरावर.

झाकणाची राखण

विष झाकून ठेवायचं ठरलं की एक काम सुरू होतं आणि ते कधीच संपत नाही. पंखा चालू आहे का बघणं, बागेतली माती खचली तर भर घालणं, कोणी विहीर खणू नये, गॅसची लाइन टाकायला आलेल्या मजुराला कापडाखाली काय आहे हे सांगणं. वसाहत तीस, चाळीस, साठ वर्षं उभी राहते. बिल्डर निघून जातो, अधिकारी बदलतात, फाइल दुसऱ्या इमारतीत जाते. पंख्याचं वीजबिल कोण भरणार हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कमी भाड्याच्या वसाहतीत पैसे कमी पडले की पहिली कात्री अशाच गोष्टींना लागते. म्हणून देखभालीचा पैसा पहिल्या दिवशीच वेगळा बाजूला काढलेला असावा, भाड्याच्या उत्पन्नावर अवलंबून नसावा.

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनलची गोष्ट यासाठीच सांगितली पाहिजे. एका अर्धवट सोडलेल्या कालव्यात हुकर या रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा टाकला, वर माती टाकली आणि ती जमीन १९५३ मध्ये शाळा मंडळाला एक डॉलरला विकली. खाली रसायनं आहेत हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरीही तिथे शाळा झाली. आजूबाजूला घरं झाली. रस्ते आणि गटारं करताना वरचं झाकण जागोजागी फुटलं. १९७८च्या ऑगस्टमध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि सर्वांत जवळच्या २३९ कुटुंबांना हलवलं गेलं. खरेदीखतातली ती ओळ घर घेणाऱ्यांपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

न्यू ऑर्लिन्समधलं गॉर्डन प्लाझा माझ्या मनातून जात नाही. जुना कचरा डेपो, त्यावर १९८०च्या सुमारास पहिल्यांदाच स्वतःचं घर घेणाऱ्या, बेताच्या कमाईच्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी घरं. १९९४ मध्ये जागा सुपरफंडच्या, म्हणजे देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या, यादीत गेली. मग अंगणांतली दोन फूट माती बदलली, खाली कापड घातलं, घरांखालची माती तशीच राहिली. लोकांना हे पुरेसं वाटलं नाही. ते दुसरीकडे हलवण्याची मागणी करत राहिले. शहराच्या कौन्सिलने त्यांना हलवण्यासाठी ३.५ कोटी डॉलर मंजूर केले २०२२ मध्ये. कर्ज फेडून झालेलं घर, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत माणसं इतकी वर्षं तिथे राहिली. परवडणारं घर घेणाऱ्याकडे सहसा दुसरी जागा नसते, दुसरी बचत नसते. श्रीमंत माणूस संशय आला की निघून जाऊ शकतो. याला राहावंच लागतं.

म्हणून अशा जमिनीवर घर मिळालेल्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात, चावीबरोबर, त्यांच्या भाषेतला एक कागद पडावा असं मला वाटतं. जागेवर पूर्वी काय होतं. काय सापडलं, किती काढलं, किती तिथेच आहे आणि किती खोल. पंखा कुठे बसवलाय आणि तो बंद पडला तर दिवा कोणत्या रंगाचा लागतो. बागेत किती खोल खणायचं नाही. घरातली हवा शेवटची कधी मोजली आणि पुढे कधी मोजणार, आकड्यासकट. तक्रार कोणाकडे करायची, त्या माणसाचं पद आणि फोन. भाडेकरू बदलला की नव्याला नवा कागद, आणि एक प्रत जिन्याखाली, मीटरच्या शेजारी, काचेच्या चौकटीत लावलेली, म्हणजे उद्या नळ दुरुस्त करायला आलेला माणूस पहार उचलण्याआधी ती वाचेल.